उजनीत नांगर : पौषातले सहा दिवस

पहिला दिवस

सोलापुरात कुणालाही सांगितलं की मी सहा दिवस शिडाच्या होडीवर राहायला चाललोय, तर आधी विचारतात, "गोव्याला का?" मग, "केरळला?" उजनीला म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि तिसरा प्रश्न टाकतो, "किती टक्के आहे सध्या?"

हा प्रश्न आमच्याकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखा चालतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं, त्यात साधारण ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा आहे, तो टक्क्यांत धरत नाहीत. म्हणजे कागदावर शून्य टक्के असतं तेव्हाही निम्म्याहून जास्त पाणी पोटात असतंच. म्हणून आमची उजनी एक तर प्लसमध्ये असते, नाहीतर मायनसमध्ये. जलाशयाचं सरकारी नाव यशवंतसागर. ते फक्त पाटीवर.

होडी दादाची. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, सारा जन्म मर्चंट नेव्हीत इंजिनवाला. निवृत्त झाल्यावर माणसं शेत घेतात, फ्लॅट घेतात. याने मुंबईत कुणाची तरी अडगळीत पडलेली चोवीस फुटी फायबरची होडी घेतली, ट्रेलरवर घालून करमाळा तालुक्यात आणली आणि दोन वर्षं तिला घासत बसला. पाण्यावर मुक्काम करायच्या परवानगीसाठी किती चपला झिजवल्या ते त्याच्याच तोंडून ऐकावं, मी सांगायला गेलो तर हे लिखाण तिथेच संपेल.

सकाळच्या गाडीने निघालो. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, मग कुंकवाचं केम, मग जेऊर. माझ्या पिशवीत बायकोने दिलेल्या चाळीस कडक भाकऱ्या, किलोभर शेंगाचटणी, दोन जॅकार्डच्या चादरी आणि एक लोखंडी शेगडी. जेऊरहून टेम्पोने काठाकडे गेलो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून केळीच्या बागा. कंदरची केळी आता परदेशी जातात. या रस्त्यावर पाण्याचा दुष्काळ नावाची गोष्ट कुणी सांगितली तर खरी वाटायची नाही.

काठावर दादा उभा. डोक्यावर लोकरी टोपी, गळ्यात मफलर आणि दुपारचे तीन वाजलेले.

"काय बे, एवढी थंडी वाजते?"

"सूर्य बुडू दे, मग बोलू," दादा म्हणाला आणि पहिल्यांदा माझ्या अंगावर लाइफ जॅकेट चढवलं. काठ ते होडी अंतर दोनशे मीटर, पाणी आरशासारखं. मी कुरकुरलो. त्याने हात लांब करून पलीकडच्या काठाकडे दाखवलं. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात इथेच उलटली आणि सहा जण गेले. मी बकलं गपचूप लावली, आणि सहा दिवसांत काठावर जा-ये करताना एकदाही त्याला सांगावं लागलं नाही.

होडीच्या आतला कारभार असा : दोन बाजूंना दोन अरुंद बाक, तेच पलंग. मध्ये पाय ठेवायला जागा. पायऱ्यांशी डावीकडे दोन बर्नरची शेगडी, उजवीकडे भांडी धुवायचं वितभर सिंक. उभं राहता येत नाही. पहिल्या तासात डोकं चार वेळा आपटलं, नंतर पाठीलाच अक्कल आली.

संध्याकाळी नांगराचा धडा. मला वाटायचं, नांगर जड असतो म्हणून होडी जागेवर राहते. दादाने कपाळावर हात मारला. आमचा नांगर जेमतेम दहा किलोचा. तो वजनाने धरत नाही, तळात रुततो म्हणून धरतो, आणि रुतायचा तर ओढ आडवी हवी. म्हणून साखळी आणि दोर खोलीच्या निदान पाचपट सोडायचा. खोली मोजताना नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंचीही धरायची. इथे पाणी सहा मीटर, नाळ एक मीटर, सातापाचे पस्तीस मीटर. आधी साखळी, कारण ती तळाशी पडून राहते आणि झटके पचवते, तिच्यामागे दोर.

मग खुणा धरायच्या. काठावर विजेचा खांब आणि त्याच्या मागचं कडुलिंब एका रेषेत, दुसरीकडे मोटारीची खोली आणि टेकडीचा उतार. या रेषा मोडल्या की समजायचं, नांगर घसरला. अंधार पडल्यावर डोलकाठीच्या टोकाला चहूकडून दिसणारा पांढरा दिवा लावला. एवढ्या मोठ्या पाण्यावर आमचाच एक. बाकी मच्छीमारांच्या बॅटऱ्या तेवढ्या लुकलुकत होत्या.

सूर्य बुडाला आणि दादाचं बोलणं खरं झालं. सोलापूरच्या घरात स्वेटर म्हणजे कपाटातली शोभा. इथे साडेसातला मी दोन स्वेटर घालून गरम खिचडीच्या पातेल्याला हात लावून बसलो होतो.

झोपताना माझ्या चादरी काढल्या. तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिलेत, सोलापुरी चादर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायचं नाही. दादाने दोन बोटांनी चादर चाचपली, "सुती," एवढंच म्हणाला आणि माझ्या उशाशी एक काळी घोंगडी टाकली. मी ती पायाखाली घेतली. मान राखायला.

दुसरा दिवस

पहाटे पाचला कपाळावर थेंब पडला. मग कानावर. छत गळतंय म्हणून दादाला हाक मारली. तो घोंगडीतूनच म्हणाला, "गळत नाही. आपणच आहोत ते."

दोन माणसं बंद खोक्यात रात्रभर श्वास घेतात. एकेक माणूस झोपेत पाव लिटरच्या आसपास पाणी श्वासातून आणि घामातून बाहेर टाकतो. वर रात्रीचा स्वयंपाक. गॅस जळतो तेव्हा ज्वालेतूनच पाणी तयार होतं : एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ. ही सगळी वाफ जाणार कुठे? फायबरचा पत्रा बाहेरून गार, त्याला आतून चिकटते आणि थेंब होऊन आपल्याच टकलावर परत येते. केबिनमधला काटा ११ अंशांवर होता. ११ म्हणजे काही फार नाही, निफाडच्या लोकांना हसू येईल. पण ओल्या चादरीत ११ अंश म्हणजे काय ते पांघरून पाहावं. सुताने सगळी ओल शोषून घेतली होती. चादर ओली गोधडी झाली होती, आणि पायाखालची घोंगडी मात्र वरून दमट असून आत उबदार. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही, मेंढपाळ पावसात तिच्या खोळीत उभा राहतो तो उगाच नाही. मी चादरी घड्या घालून उशीला लावल्या. तीस वर्षांच्या नोकरीचा हा अपमान मी मुकाट गिळला.

हॅच, म्हणजे केबिनचं झाकण, उघडून बाहेर आलो आणि पाणीच दिसेना. सगळीकडे धुकं, तेही पाण्यातून वर येणारं. रात्रीत हवा गार होते, पाणी तितकं होत नाही. त्यामुळे जलाशय चुलीवरच्या आंघोळीच्या हंड्यासारखा वाफाळतो. बाहेर हात काकडलेले, आणि पाण्यात बुडवला तर पाणी चक्क कोमट. कुठेतरी एका मच्छीमाराचं वल्हं चुबुक चुबुक वाजत होतं. माणूस दिसला नाही, त्याचा खोकला तेवढा आला आणि गेला.

त्या थंडीत मला माझी शेगडी आठवली. चार कोळसे पेटवून केबिनमध्ये ठेवावे, एवढाच विचार. दादा एरवी शांत, पण त्याने शेगडी उचलून सरळ बाहेर ठेवली. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. थंड देशांत होड्यांवर राहणारी माणसं याने गेली आहेत. तो एका हिवाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्याला मित्राच्या होडीवर महिनाभर राहिला होता. तिथे डिझेलची भट्टी, तिला छतातून बाहेर काढलेलं धुराडं, तरीही भिंतीवर धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र. गादीखाली फळ्यांची जाळी, हवा खेळावी म्हणून. आणि इतक्या थंडीत एक झरोका रात्रभर उघडा.

"उघडा?"

"ओल जायची तर हवा यायला पाहिजे. थंडी परवडते, ओल नाही."

त्या रात्रीपासून आम्हीही पुढचा झरोका चार बोटं उघडा ठेवला. थेंब निम्म्यावर आले.

गॅसचंही असंच शिस्तीचं. सिलिंडर बाहेर, बाकाखालच्या वेगळ्या कप्प्यात, त्याला खाली भोक. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकीतून, दारातून थोडाफार जातो. होडीत तो पाण्यासारखा तळाशी जाऊन साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून चहा झाला की आधी सिलिंडरचा कॉक बंद, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझेपर्यंत थांबायचं, मग चहा प्यायचा. सहा दिवसांत आम्ही गरम चहा प्यालोच नाही म्हणा.

न्याहारीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. जुन्या काळी समुद्रावरच्या खलाशांना दगडासारखी बिस्किटं मिळायची, त्यांना किडे लागायचे, असं दादा सांगत होता. मी भाकरी कडाडकन मोडून त्याच्या हातात दिली. महिनाभर टिकते, किडा लागत नाही, भिजवली तर भाजीत चालते, नाही भिजवली तर दात तपासून मिळतात. एवढ्या जहाजांवरून जग फिरला, पण आपल्या घरातला हा जिन्नस कधी पेटीत घालून नेला नाही. यावर तो बराच वेळ विचार करत चावत होता.

मग पाण्याचा विषय निघाला. पिण्याचं पाणी काठावरून आणलेलं, वीस लिटरचे चार कॅन. धरणाचं पाणी भांडी विसळायला, हातपाय धुवायला. ते हिरवट दिसतं. पुण्याचं सगळं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ते सारं इथे येऊन थांबतं, त्याला वेगळं काय होणार. दादा मला समजावून सांगू लागला, होडीवर पाणी कसं जपावं. तांब्याने घ्यावं, नळ सोडून ठेवू नये, आधी पुसावं मग धुवावं. मी त्याला थांबवलं. बाबा रे, माझ्या घरी नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. अर्ध्या बादलीत आंघोळ, तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी, भांड्यांचं पाणी झाडाला, आणि पिंपात किती उरलंय ते टिचकी मारून सांगता येतं. ताट भाकरीने असं पुसून दाखवलं की धुवायला एक पेला पुरला. कॅनवर टिचकी मारून "बारा लिटर" म्हणालो, मोजलं तर साडेअकरा निघालं. या एका विषयात दादाने माझं शिष्यत्व पत्करलं.

गंमत पुढेच आहे. ज्या पाण्यासाठी मी रात्री अकरा वाजता नळाशी बसतो ते शंभरावर किलोमीटर पाइपातून इथूनच येतं. म्हणून होडीवरचा सगळ्यांत कडक कायदा संडासाचा. पाण्यात काही सोडायचं नाही. झाकणाची बादली, तिच्यात लाकडाचा भुसा, आणि एक दिवसाआड ती काठावर नेऊन लांब खड्ड्यात पुरायची. "खाली तुझंच पिण्याचं पाणी आहे," दादा म्हणायचा. इतकं पटलेलं तत्त्व मी आयुष्यात पाळलेलं नाही.

तिसरा दिवस

काही घडलं नाही, आणि तेच बरं होतं.

नऊला ऊन चढलं की होडी धोब्याचा घाट व्हायची : शिडाच्या आडव्या दांड्यावर घोंगड्या, दोरांवर चादरी, हॅचवर उशा. दुपारी स्वेटर काढून ऊन खात बसायचं. सोलर पॅनेलची बॅटरी भरायची. सहाला ऊन गेलं की पुन्हा टोपी. थंडीतलं होडीवरचं आयुष्य म्हणजे दिवसभर रात्रीची तयारी करणं.

पट्टकादंब बघितले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालयापलीकडून येतात, त्यांची उड्डाणं सात हजार मीटरच्या वर नोंदलेली आहेत. ते दिवसभर काठाला झोपा काढतात आणि अंधार पडला की रानात चरायला जातात. हरभरावाल्यांची त्यांच्यावर फार माया नाही. चक्रवाकांची जोडी रोज सकाळी एकाच दगडावर. काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी तर शेकड्यांनी. चंद्रभागेच्या वरच्या अंगाला या पक्ष्याला हे नाव कुणी दिलं असेल, त्याला नमस्कार.

फोन करणारा प्रत्येकजण एकच विचारत होता, "फ्लेमिंगो दिसले का?" नाही दिसले. रोहितांना गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. धरण भरलेलं असलं की त्यांची जेवणाची जागाच पाण्याखाली असते, मग ते उशिरा येतात, आणि आले तरी भिगवणकडच्या उथळ भागात. आम्ही इकडे खोल अंगाला. हे मी सात वेळा समजावलं. आठव्या वेळी "हो, लांबून दिसले" म्हणून टाकलं.

संध्याकाळी काठावर हुरड्याची आगटी होती, शेतकऱ्याने हाक मारली. माझी बदनाम शेगडी तिथे नेली आणि तिच्यावर चहा झाला. परत येताना छोटी होडी वल्हवत होतो. वर मृग आणि व्याध, पाण्यातही मृग आणि व्याध. थंडीने बोटं वल्ह्याला चिकटली होती.

चौथा दिवस

दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि ईशान्येचं वारं सुटलं. आमची जागा त्या बाजूला उघडी. मैल-दोन मैल पाण्यावरून वारं मोकळं येतं तेव्हा लाटा आखूड आणि खड्या उठतात, समुद्रासारख्या लांब नव्हे. ताटली ठेवावी तर पळते. दादाने नांगर उचलला, जिब, म्हणजे पुढचं शीड, अर्धी उघडली आणि आम्ही जमिनीच्या एका सोंडेआड गेलो. या अर्ध्या तासात होडी पहिल्यांदा होडीसारखी वागली. एका कुशीवर कलली, दोर ताणले, नाळेखाली पाणी खळाळलं. मी सुकाणू धरलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला असा आनंद होतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या जागी पोहोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. सात मीटर पाणी, चाळीस मीटर दोर. एरवी दादा नांगराच्या डोक्याला वेगळी बारीक दोरी बांधून तिला एक रिकामा डबा लावतो, तो पाण्यावर तरंगतो. नांगर कुठे अडकला तर त्या दोरीने उलटा खेचता येतो. त्या संध्याकाळी बोटं गारठलेली, उजेड जाणारा. "चिखलच आहे, राहू दे," कोण म्हणालं यावर आमचा अजून वाद आहे. मीच म्हणालो असेन.

रात्री दोघांनी दोन-दोन तास पहारा केला. नऊ ते अकरा माझा. दादाने जाताना सांगितलं, "नाळेवर जाऊन साखळीवर तळवा ठेव. नांगर घसरत असेल तर खडखड हाताला कळते." दर पंधरा मिनिटांनी मी चार पायांवर रांगत नाळेपर्यंत जायचो आणि त्या गार लोखंडावर हात ठेवायचो. डॉक्टर नाडी बघतो तसा. खडखड नव्हती, नुसती ताण सोडण्या-घेण्याची धडधड. डोलकाठीच्या तारा शीळ घालत होत्या. घोंगडी डोक्यावरून खोळ करून घेतली होती, तिला मेंढरांचा वास येत होता आणि तो मला फार धीर देत होता.

अकराला दादा उठून आला तरी मला झोपावंसं वाटेना. मग त्याने बीगल चॅनेलच्या गोष्टी सांगितल्या. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला. तिथे डोंगरावरून वारा असा कोसळतो की नुसत्या नांगरावर भरवसा नसतो. खाडीच्या कोपऱ्यात होडी उलटी घुसवून काठावरच्या झाडांना चार-चार दोर बांधतात. मी काठाकडे बघितलं. आमच्याकडे बांधायला वेडी बाभूळ होती.

पाचवा दिवस

वारं पडलं. सकाळी परतायचं म्हणून नांगर ओढायला लागलो. दोर आला, साखळी आली, साखळी सरळ उभी झाली आणि थांबली. दोघांनी जोर लावला. होडीची नाळ खाली वाकली, नांगर हलला नाही. इंजिनाने पुढे गेलो, मागे गेलो, गोल फिरलो. तासभर. दादा घामाघूम, हवेत १२ अंश.

जाळी काढून परतणारा एक म्हातारा मच्छीमार पत्र्याच्या होडीतून आमचा तमाशा बघत होता. शेवटी जवळ आला.

"आवं पाव्हणं, लई वढू नका. तुटंल."

"काय आहे हो मामा खाली? झाड?"

त्याने मान वळवून एका टेकडीच्या खांडीकडे बघितलं, मग दुसऱ्या बाजूच्या देवळाच्या शिखराकडे. खुणा धरायची तीच दादाची रीत, फक्त याची वही डोक्यात. "झाड न्हाई. मोटंची हीर हाय. थारोळ्याला गुतलाय तुमचा नांगर."

नव्या वाचकांसाठी : विहिरीतून बैलांनी ओढलेली मोट जिथे पालथी होते ते दगडी कुंड म्हणजे थारोळं. तिथून पाणी पाटाला लागतं. ते आता सात मीटर पाण्याखाली होतं. करमाळ्यासारख्या कोरड्या मुलखात कुणीतरी पहार मारून मारून पाणी लावलेली विहीर, आणि तिच्यावर हे एवढं पाणी.

"तुम्हांला इतकं नेमकं कसं ठाऊक?"

"आमचीच हाय की. हितं मळा व्हता आमचा. म्या पंधरा वर्साचा आसंन, पानी चढलं तवा. दगडाला मासं धरून ऱ्हातं, म्हून जाळं हितंच लावतो."

मग त्याने आमची साखळी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं आणि हसला. पुढचे दोन दात नव्हते. "पंचेचाळीस वर्सं आमच्या रानात नांगर लागला न्हवता. तुमी लावला बगा."

दादा आणि मी दोघेही हसलो, आणि मग तिघेही जरा गप्प झालो.

काम त्यानेच केलं. दादाने साखळीचं एक मोठं कडं करून दिलं, ते आमच्या साखळीभोवती घालून हळूहळू खाली सोडलं, पार नांगराच्या दांड्यापर्यंत. कड्याला बांधलेला दोर घेऊन म्हातारा उलट दिशेला, म्हणजे विहिरीच्या अंगाने, गेला. आम्ही आमची साखळी सैल सोडली. त्याने हिसका दिला नाही, नुसतं वजन टाकून बसून राहिला, बिडी पेटवली. बिडी अर्धी झाली तेव्हा दोर एकदम ढिला पडला. नांगर वर आला तो काळ्याभोर चिखलाने माखलेला, एका पात्यावर जुन्या जाळ्याची चिंधी. दगडाचा एक ओरखडा होता. दादा नांगर धुवायला निघाला, तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, चांगली माती हाय."

पैसे घेतले नाहीत. चहाला आमच्या होडीवर आले, आत वाकून बघितलं, "बरंय की, गाडीवानाच्या छपरावानी," म्हणाले. कडक भाकरी त्यांना चावेना, शेंगाचटणी मात्र पुडीत बांधून घेतली आणि चार चिलापी देऊन गेले. जाताना मला विचारलं, "पाव्हणं कुठलं?"

"सोलापूरचा."

"म्हंजी तुमास्नी ह्येच पानी."

"हो."

"रोज येतं?"

"पाचव्या दिवशी."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "मग एवढं पानी जातं कुटं?"

दादाने काठाकडे बघितलं. मीही बघितलं. उसाला तुरे आले होते. मामांनी आमच्या नजरेमागे नजर नेली, वल्हं उचललं आणि काही न बोलता गेले. त्यांचाही चार एकर ऊस आहे, हे दादाने नंतर सांगितलं.

सहावा दिवस

आवराआवर. चिलापी आदल्या रात्रीच तळून संपली होती, केबिनला तिचा वास अजून होता. कॅनमध्ये तीन लिटर उरलं, ते दादाच्या तुळशीला. होय, होडीवर तुळस आहे, आत्याचा हट्ट.

परतीच्या गाडीत बसल्यावर जमीन हलत होती. जेऊरच्या फलाटावर तर मी खांबाला धरून उभा होतो, लोक वेगळंच काही समजले असतील. दादाने घोंगडी सोबत दिली. चादरी मी त्याच्याकडे ठेवून आलो, उन्हाळ्यात उपयोगी पडतील.

घरी पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. "बरं झालं आलात," बायको म्हणाली, "आज पाणी आहे." पिशवी दारातच टाकली. अकरा वाजता नळ आधी फुसफुसला, मग खोकला, मग धार आली. मी पिंप लावलं, पिंपानंतर हंडे, हंड्यांनंतर बादल्या. शेजारचे काका त्यांच्या नळाशी पाटावर बसले होते, कानटोपी घालून.

"काय, उजनीला गेला होतास म्हणे?"

"हो काका, आत्ताच आलो."

"किती टक्के आहे?"

मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. सहा दिवस त्याच पाण्यावर झोपून आलो होतो, आणि टक्का बघायचाच राहिला होता. बादली भरून वाहायला लागली तेव्हा काकांनीच ओरडून नळ बंद करायला लावला.